तळ्यातला मांडव

आमचं तळं सुंदर आहे हे मला पहिल्यांदा कळलं ते मला बघायला आलेल्या मुलाकडून, आणि तेव्हा मला त्याचा रागच आला होता. तोपर्यंत तळं म्हणजे तळं. म्हशी डुंबायची जागा, गोधड्या धुवायची जागा, सकाळी राखुंडीनं दात घासताना समोर दिसतं ते. त्याला नावसुद्धा नव्हतं. पलीकडच्या डोंगराला मात्र होतं. वाकून गवत कापणाऱ्या बाईसारखी त्याची पाठ दिसायची, म्हणून म्हातारीचा डोंगर, आणि लाडात आल्यावर नुसतीच म्हातारी. आमची वाडी कुडपण गावाच्या अंगाला, अगदी वर. पोलादपुरातून एसटी पायथ्याला सोडायची आणि पुढे चढण. धापा टाकत वर आलं की एकदम सपाटी लागायची, सपाटीच्या मधोमध तळं, अलीकडच्या काठाला आमची थोडीशी घरं आणि पलीकडे म्हातारी. कार्तिकात वारा पडला की ती पाण्यात उलटी उभी राहायची. आम्ही रोज बघत होतो, म्हणजे खरं तर कोणीच बघत नव्हतं.

घरात बाबा, आई, मी आणि काकी. काका मुंबईला हॉटेलात कामाला, शिमग्याला आणि गणपतीला येणार. काकीला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तिची सगळी माया आणि सगळी थट्टा माझ्याच वाट्याला यायची. पहाटे जाग यायची ती रवीच्या घुसळण्यानं. आई दोरी ओढायची, काकी चुलीवर भाकरी थापायची, आणि गोठ्यातली चांदी म्हैस भाकरीचा वास आला की हंबरायची, जणू तिलाही पानात वाढणार आहेत. नाचणीची गरम भाकरी, त्यावर लोण्याचा गोळा, बाजूला लसणीची चटणी. मुंबईत येऊन मी पुष्कळ काही खाल्लं, पण अजून आजारी पडले की जीव त्या भाकरीवर जातो. पोलादपुरात आत्याकडे राहून मी दहावी झाले होते. वाडीतली दहावी झालेली पहिली मुलगी, म्हणून बाबांना कोण अभिमान. पण पुढे काय, हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. मग मी म्हशी घेऊन तळ्यावर जायची, त्या पाण्यात बसायच्या आणि मी काठावर. दिवस असाच जायचा. मला काही हवं होतं का? आठवून बघते, पण नक्की सांगता येत नाही.

आमच्या वाडीत मुलगी पाटावर बसवून दाखवायची पद्धत नव्हती. पाहुणे पडवीत बसायचे आणि मुलीला पाण्याला पाठवायचे. हंडा-कळशी घेऊन ती तळ्याकाठच्या झऱ्यावर जाणार, भरून परत येणार, तेवढ्यात जे बघायचं ते बघून घ्यायचं. चाल कशी, मान सरळ राहते का, पाणी सांडतं का. जुन्या बायका म्हणायच्या, पाटावर काय, बाहुलीपण चांगली बसते. नात्यातल्या माझ्या एका मामानं स्थळ आणलं तेव्हा त्यानं पाहुण्यांना हे आधी सांगून ठेवलं होतं. माणसं मूळची खालच्या सव गावची, पण मुलगा मुंबईतच जन्मलेला, वाढलेला. वायरमनचं काम करणारा. आईबाप आणि कॅमेरावाला एक मित्र, एवढे लोक आले. चांदी नुकतीच व्यायली होती, म्हणून काकीनं खरवस केला होता, वेलची घालून.

मी हंडा घेऊन निघाले. पाठीवर सगळ्यांची नजर आहे असं समजून इतकी ताठ चालले की मान अवघडली. झऱ्यावर वाकले, हंडा भरला, डोक्यावर घेतला, वर कळशी, आणि परत फिरले. एक थेंब सांडला नाही, आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पडवीजवळ आले आणि चोरून वर बघितलं. मुलाचे आई-वडील माझ्याकडे बघत होते, मित्र डोळ्याला कॅमेरा लावून उभा होता, बाबा पाहुण्यांकडे बघत होते. आणि मुलगा माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होता. तोंड अर्धवट उघडं, खरवसाची बशी हातात तशीच.

"काय सीनरी आहे यार," तो मित्राला म्हणाला. "रोज एवढं बघायला मिळतं या लोकांना!"

मी मागे वळून बघितलं. खरंच, मला वाटलं मागून कोणी येतंय. कोणी नव्हतं. एक बगळा, आणि पाण्यात उलटी म्हातारी. काकीनं दारातून मला कोपरखळी मारली, "आत ये गो, खांब झालीस काय?" मी आत गेले, हंडा उतरवला, आणि मला रडू यायला लागलं. काकीनं का म्हणून विचारलं, तर मी चुलीच्या धुराकडे बोट दाखवलं.

आठ दिवसांत मामा निरोप घेऊन आला. मुलगी पसंत. आईनं देवापुढे साखर ठेवली. मी मात्र सगळ्यांना एकच विचारत सुटले, पसंत म्हणजे काय पसंत? आई म्हणाली, "पसंत म्हंजे पसंत. त्यात काय इचारायचं?" काकी म्हणाली, "अगो, तळं पसंत पडलं तर तळं काय वरातीत घालून न्हेणार हाय तो? तुलाच न्हेल." सगळ्यांना ते पटलं, मला नाही पटलं. सबंध हिवाळा मी म्हशी घेऊन तळ्यावर बसायची आणि त्याच्याकडे सवतीसारखी बघायची. एवढं काय आहे याच्यात? सकाळी धुकं पाण्यावरून उठायचं आणि म्हातारीच्या कमरेला अडकायचं. दुपारी पाणी इतकं गप्प व्हायचं की टिबुकली पाखरानं बुडी मारली तरी ऐकू यायची. संध्याकाळी म्हशी बाहेर निघाल्या की त्यांच्या पाठीवर ऊन चमकायचं. बघता बघता मलाच ते आवडायला लागलं, आणि मग जास्तच चिडायला झालं. या माणसानं माझं तळं मला दाखवलं होतं, आणि आता तोच मला इथून नेणार होता. हे बरं की वाईट? त्या मुलाचा चेहरा म्हणाल तर मला नीट आठवतही नव्हता. आठवायची ती खरवसाची बशी.

माघात मामा परत आला. मुलाच्या आईला लग्न सवला करायचं होतं. तिथे जमिनीतूनच कढत पाणी येतं, वऱ्हाडाच्या आंघोळीची चिंता नाही, गाडी दारात लागते. पण मुलगा अडून बसला होता. लग्न करीन तर तिकडे वर, तळ्यावरच, नाहीतर नाही. मामा हे सांगताना घाबरत होता, की आमच्यावर खर्च पडेल. बाबा गोंधळले ते वेगळ्याच कारणानं. "तळ्यावरच म्हंजे? आवो, आपल्याकडं लग्न तिथंच लागतं की. दुसरी जागा हाय कुठं?"

तेही खरंच होतं. डोंगरावरच्या वाडीत सपाट जागा म्हणजे तळ्याचा तळ. शिमग्यापासून पाणी उतरायला लागायचं, चैत्रात संपायचं, आणि मग वाडीतली सगळी लग्नं त्या कोरड्या तळात लागायची. भेगा मातीनं बुजवायच्या, जमीन चोपायची, शेणानं सारवायची आणि मांडव घालायचा. मुहूर्तमेढ रोवायला खड्डा घेतला की खाली ओल लागायची. जितकी लवकर लागेल तितका संसार सुखाचा, असं म्हणत. लग्न झाल्यावर मांडव सोडायचा, पण मेढ कधी उपटायची नाही. ती तिथेच राहायची, पावसात तिच्यावरून पाणी चढायचं. दरसाली तळं आटलं की जुन्या मेढींचे काळे खुंट वर दिसायचे आणि आम्ही मुली त्यांच्यामधून फिरायचो. ही काकीची, ही आत्याची, ही वाकडी आईची. आईची वाकडी का म्हणून बाबांना विचारलं की ते म्हणायचे, "तुझ्या आयेसला इचार." तर अशा तळ्यात लग्न लागणार म्हटल्यावर आम्ही आनंदानं हो म्हटलं, वैशाखातला मुहूर्त धरला. वैशाखात तळ्याला पाणी नसतं हे कुणाला सांगायचं असतं, असं आमच्या डोक्यातही आलं नाही. सूर्य मावळतो हे कोणी पाहुण्यांना सांगतं का?

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी नवऱ्याकडची माणसं आली. मांडव उभा होता, जांभळीच्या डहाळ्या वर टाकल्या होत्या, माझी मेढ रोवून झाली होती आणि ओल पटकन लागली म्हणून काकी वाडीभर सांगत फिरत होती. मी घराच्या खिडकीतून बघत होते. तो चढण चढून वर आला, सपाटीवर पाय ठेवला आणि थांबला. मागून येणारा मित्र त्याच्यावर आदळला. मित्राच्या गळ्यात कॅमेरा होता, नवीन रोल भरून आणलेला. दोघे उभेच. समोर भेगाळलेली राखाडी जमीन, मधोमध मांडव, पलीकडे उन्हात करपलेली म्हातारी, तिच्या अंगावर गवताची काडी नाही.

मग जे सुरू झालं ते मला अर्धंच कळलं, कारण सगळे हळू बोलत होते आणि तेच जास्त भीतीचं होतं. तो काठावरच्या दगडावर जाऊन बसला तो उठेचना. त्याचे वडील बाबांना म्हणाले, "पोराला फसवल्यासारखं वाटतंय. एवढा हट्ट धरला त्यानं या जागेसाठी." बाबा भांबावून गेले. "आवो पावनं, फसवलं कशात? वैशाखात तळं नसतंच." "पण सांगायचं तरी!" "आवो, पण ह्ये सांगायचं असतंय?" त्याची आई तेवढी शहाणी, म्हणाली, "दुरून डोंगर साजरे, दुसरं काय." पण मित्र खाली जायच्या एसटीची वेळ विचारत होता, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. काकीसुद्धा थट्टा विसरली होती. आदल्याच दिवशी ती म्हणाली होती, "नकटीच्या लग्नाला सतराशे इघ्नं, तुला तर एकपण आलं नाय." आता ती माझ्याकडे बघून बोलायचं टाळत होती. मेढ रोवल्यावर मोडलेलं लग्न, त्या मुलीचं पुढे काय होतं हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिला पुन्हा कोणी पाण्याला पाठवत नाही.

मला काय वाटत होतं? आज इतक्या वर्षांनी सांगायला बसले तरी गुंता सुटत नाही. भीती होतीच. त्याच वेळी, बरं झालं जातोय तर, असंही वाटत होतं. आणि सगळ्यात जास्त राग आला होता तो तळ्याच्या बाजूनं. चार महिने जे मला सवत वाटत होतं, त्याला कोणी नावं ठेवली तर मी पदर खोचून उभी! आटलं म्हणून काय झालं? दरसाली आटतं. मी घरातला हंडा उचलला, करवंटी घेतली आणि सगळ्यांच्या देखत तळ्यात उतरले. नवरीनं असं जायचं नसतं. आईनं हाक मारली, मी वळले नाही.

उन्हाळ्यात काठचा झराही आटायचा, मग आमचं पाणी तळ्याच्या पोटात असायचं. मांडवाच्या पलीकडे, जिथे सगळ्यात खोलगट, तिथे खड्डा खणलेला असायचा, माणूस उतरेल एवढा. तळाशी वाटीभर पाणी झिरपायचं. करवंटीनं ते उपसायचं, हंड्यात ओतायचं, परत झिरपेपर्यंत बसून राहायचं. लग्नाला पाणी पुरावं म्हणून वाडीतलं प्रत्येक घर आपला हंडा भरून लग्नघरी आणून ठेवायचं. त्याला पाण्याचा आहेर म्हणायचे, आणि लुगड्यापेक्षा त्याचा मान मोठा. मी खड्ड्यात उतरून बसले. आत गार होतं, ओल्या मातीचा वास होता. दोन-चार करवंट्या झाल्या असतील, तर वर सावली पडली.

"इथे पाणी आहे?" त्यानं विचारलं. तो माझ्याशी बोललेला पहिला शब्द हा.

"हाय. खाली."

"आणि बाकीचं सगळं कुठे गेलं?"

"जातं. दरसाली जातं."

"परत येतं?"

"न येऊन जाईल कुठं?"

तो काठावर उकिडवा बसला. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितला. रागीट नव्हता. शाळा चुकलेल्या मुलासारखा, कोणत्या वर्गात बसायचं ते न कळलेला. म्हणाला, "मला कोणी सांगितलं नाही."

"तुमी इचारलं नाय," मी म्हटलं. मग तोंडातून निघूनच गेलं, सबंध हिवाळा साठलेलं. "तुमी मला बघाया आलता का तळ्याला?"

त्यानं काठावरचं एक ढेकूळ उचललं आणि त्याचा पार भुगा होईपर्यंत चोळत राहिला. खोटं बोलायचं असतं तर तेवढा वेळ लागला नसता. "खरं सांगू? मलाच माहीत नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी सगळं एकदमच दिसलं. तुम्ही, हंडा, पाणी, तो डोंगर. वेगवेगळं बघितलंच नाही मी. आता त्यातलं पाणी गेलं, तर काय राहिलं ते कळेना झालंय."

एखादी शहाणी मुलगी यावर रडली असती किंवा वर चढून घरी गेली असती. मला का कोण जाणे, हायसं वाटलं. निदान वाडीत आज गोंधळलेली मी एकटी नव्हते. "मंग बसा कळेस्तवर," मी म्हटलं. "मला पाणी भरायचंय."

तो बसला. मी भरत राहिले. मग म्हणाला, "मी उतरू का?" आणि उत्तराची वाट न बघता खाली घसरलाच, अर्धी माती पाण्यात पाडत. "अवो, गढूळ केलंत!" मी ओरडले. आम्ही दोघे गाळ खाली बसायची वाट बघत उभे राहिलो, खांदा खांद्याला लागू नये म्हणून भिंतीला पाठ लावून. हळूहळू पाणी निवळलं. त्यात वरचं आभाळ आलं, ताटलीएवढं, आणि आम्हा दोघांची डोकी. तो वाकून बघत राहिला, पण या वेळी सीनरी वगैरे काही म्हणाला नाही. त्यानं माझ्या हातातली करवंटी घेतली आणि पाणी हंड्यात ओतलं. निम्मं बाहेर. मग दुसरी.

हंडा त्यानंच उचलला. डोक्यावर घेता येईना म्हणून खांद्यावर घेतला, आणि शर्ट भिजवत, थेंबांची रेघ मागे सोडत, मांडवातून सरळ आमच्या पडवीत नेऊन ठेवला. मी मागून, चिखलानं भरलेली. बाबांना उठावं की बसावं ते कळेना. पहिली बोलली ती काकीच. "बाय बाय बाय! नवरदेवानं पाण्याचा आहेर केला! आनी वाटेत निम्मा सांडला. बघा गो, ह्येला पाण्याला पाठवला असता तर आमी नापास केला असता!" वाडी हसायला लागली. त्याची आई हसली. मित्रानं एसटीचं विचारणं सोडलं आणि कॅमेरा काढला.

दुसऱ्या दिवशी गोरजमुहूर्तावर लग्न लागलं. तळाची जमीन दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट होती, अनवाणी पायांना ती लागत होती. मंगलाष्टकं म्हातारीवर आपटून परत यायची, त्यामुळे प्रत्येक 'सावधान' दोनदा ऐकू आलं. पण मी की तळं, याचं उत्तर मला मिळालं नव्हतं. मुंबईच्या खोलीत आल्यावर सगळ्यात आधी यांनी भिंतीवर फोटो लावला, तो बघायला आले त्या दिवशीचा. भरलेलं तळं, उलटी म्हातारी, आणि काठाला मुंगीएवढी मी, हंड्यासकट. नळाला पाणी यायचं तेव्हा मी रांगेत उभी राहायची आणि परत आले की त्या फोटोकडे बघायची. येणारा जाणारा म्हणायचा, काय सुंदर तळं आहे. हे म्हणायचे, हो ना. मी पोहे परतायची.

पहिल्या श्रावणात मी माहेरी गेले. तळं तुडुंब भरलं होतं. जिथे मांडव होता, जिथे आम्ही उभे होतो, त्यावरून बगळे उडत होते. हिरवीगार म्हातारी पाण्यात उभी होती, आणि ढग तिच्या खांद्यावरून उतरत होते. मला भरून आलं. हे मला न्यायला आले ते दुपारी, भिजून. पडवीत छत्री टेकली, आईनं दिलेला चहासुद्धा न घेता सरळ काठावर गेले. मी मनात म्हटलं, गेले बघा, सवतीकडे. तरी मीही मागून गेले.

ते पाण्याकडे बघत होते, पण नजर वर नव्हती. इकडून बघ, तिकडून बघ, हात कपाळावर धरून, डोळे बारीक करून. मग दोन पावलं पाण्यातच शिरले.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"आपली मेढ," हे म्हणाले. "कुठे गं होती? इथेच ना, या दगडासमोर?"

"तिकडं. खड्ड्याच्या अलीकडं."

"नाही, नाही. मी उभा होतो तेव्हा हा दगड डाव्या हाताला होता."

"तुमची बाजू उजवी व्हती."

पाऊस थांबला होता, वारा पडला होता, आणि पाणी इतकं निवांत की कधी नाही ते. "अहो, ते बघा तरी," मी म्हटलं, "म्हातारी कशी पाण्यात उतरलीय." यांनी ऐकलं नाही. मी पुन्हा सांगितलं, बोट दाखवून.

"थांब गं," हे म्हणाले, गुडघाभर पाण्यात, मान खाली घालून. "आधी मेढ सापडू दे."